मिठाला एकदाच विचारता येतं

सोडिअम : दोन, आठ, एक. क्लोरीन : दोन, आठ, सात.

'आंबा तुमचा, आयुष्य आम्ही वाढवतो.' चिंचखारच्या फाट्यावर ही पाटी २०३६ सालापासून आहे. पाटीवरच्या आंब्याला हसरं तोंड काढलेलं आहे.

चुन्याची डबी अॅल्युमिनिअमची असते. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला तंबाखू, झाकणात नखाएवढा आरसा. घरतांच्या घरात तंबाखू कुणी खात नसे. त्यांच्या डबीत मीठ असे.

बारा फेब्रुवारीच्या संध्याकाळी काशिनाथ घरत कामावरून आला आणि तीनदा ओकला. आई म्हणाली, बांगडा शिळा होता.

नियम सात, पोटनियम दोन : नमुन्यास कोणत्याही कारणाने उजेड दाखवू नये.

कामगारांनी छातीवर लावायचे, किरण मोजणारे बिल्ले हजेरीच्या वहीवरच्या खिळ्याला टांगलेले असत. आत नेले की हरवतात, म्हणून.

*

सुगंधा ठाकूर, माहेरची घरत, पेणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. वीस वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या, ब्युरेटच्या तोट्यांना व्हॅसलीन लावलं, आणि विज्ञानाचे सर रजेवर असले की नववीला अणू शिकवला. सर वारंवार रजेवर असत.

"बाई, इलेक्ट्रॉन फिरतो म्हणजे गरबा खेळल्यासारखा?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"फिरत नाही. आठवीत तुम्हाला फिरतो म्हणून सांगितलं, ते विसरा. तो केंद्रकाच्या आजूबाजूला असतो. कुठे सापडेल याचा अंदाज करता येतो. बोट ठेवता येत नाही."

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत फिरतो."

वर्ग हसला. सुगंधाने फळ्यावर दोन वर्तुळांच्या माळा काढल्या. सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, त्याला तो नकोसा. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात, त्याला आठवा हवासा. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, मीठ झालं. पुस्तकात गोष्ट इथे संपते.

"आता पुस्तकात नाही ते ऐका. मिठाचा कण म्हणजे नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारख्या रांगा. सोडिअम, क्लोरीन, सोडिअम, क्लोरीन. पण कितीही नीट रचलं तरी कुठेतरी क्लोरीनची एखादी खुर्ची रिकामी राहते. आता या कणावर जोरदार किरण पडले. क्ष-किरण म्हणा, गॅमा म्हणा. एखाद्या अणूतला इलेक्ट्रॉन उडाला, भटकला आणि त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला. ती खुर्ची त्याची नाही. पण अंधार असेल तर त्याला कोण उठवणार? वर्ष, दोन वर्षं, वीस वर्षं बसून राहतो."

"आणि उजेड आला की?"

"उठतो. परत जाताना चिमुकला निळा उजेड टाकून जातो. ते उजेड मोजायचे. जितके उजेड, तितके किरण त्या मिठाने खाल्ले."

डस्टरएवढं यंत्र तिने टेबलावर ठेवलं. सरकारी नाव लवणमापक, मुलांच्या तोंडी मीठवाचक. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला एकेक मिळालं होतं.

"परत मोजायचं असेल तर, बाई?"

"परत काय मोजणार? खुर्ची रिकामी झाली. मिठाला एकदाच विचारता येतं."

*

या यंत्राने काय काय केलं ते लोकांना आठवत असेलच. नाशिकला गेलो होतो म्हणणाऱ्या एका नवऱ्याच्या बॅगेत मिठाची पुडी निघाली, आणि विमानतळावरच्या तपासणीच्या क्ष-किरणांनी ती पुडी दोनदा न्हायली होती असं निष्पन्न झालं. दातांच्या दवाखान्याशेजारच्या खाणावळीने भिंत जाड करून घेतली. मिठाच्या कंपन्या काळ्या पिशव्या काढू लागल्या. सरकारने नियम केले : नमुना काळ्या कागदात ठेवावा, दोन पंच बोलवावेत, जिल्हा प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्याने वाचावा. आधी कुणी उघडलेला, वाचलेला, सील नसलेला नमुना पुरावा म्हणून चालणार नाही.

*

हिराजी घरत, सुगंधाचा मोठा भाऊ, चिंचखारच्या किरणन केंद्रात पेट्या आत नेण्याचं काम करत असे. धाकटा काशिनाथ तिथेच, कळफलकावर. जाड भिंतींची एक खोली, तिच्यात पाण्याची खोल टाकी, टाकीच्या तळाशी कोबाल्टच्या कांड्या. पेट्या आत लावायच्या, माणसांनी बाहेर यायचं, दार लावायचं, कळफलकावरून कांड्या पाण्यातून वर काढायच्या. आंब्यातले किडे मरतात, आंबा टिकतो. कांड्या परत पाण्यात गेल्या की खोली पुन्हा नुसती खोली.

बारा फेब्रुवारीनंतर हिराजीला ताप आला. मग हिरड्यांतून रक्त. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले की हाडातला मगज काम करेनासा झालाय. किरणांमुळे असेल तर त्यांची मात्रा पाच-सहा ग्रे तरी असणार, पण तसा अपघात झाल्याचं केंद्राने कळवलेलं नाही. सात आठवड्यांनी हिराजी गेला. केंद्राचा अहवाल अडीच पानांचा होता. त्यातलं महत्त्वाचं वाक्य हे : 'खोलीत मनुष्य असताना कांड्या वर आल्याची नोंद नाही, व कामगाराच्या बिल्ल्यावर मात्रा आढळली नाही.'

बिल्ला खिळ्यावर होता. त्यावर मात्रा कुठून येणार?

*

वर्षश्राद्धाला सुगंधा माहेरी चिंचखारला गेली. हिराजीने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या वस्तू आवरायला बहीणच. दोन सदरे, छत्री, आणि खुंटीवर दोघा भावांच्या जेवणाची ती खाकी पिशवी. बारा फेब्रुवारीपासून तिला कुणी हात लावला नव्हता. पिशवीत मोठा डबा, आणि तळाशी चुन्याची डबी.

लहानपणी तिघं मिठागराच्या बांधावर बसून कैऱ्या खात. वडील गेले त्या वर्षी ही डबी हिराजीने घेतली आणि तिच्यात मीठ भरलं. दुसऱ्याच्या मिठाला तो हात लावत नसे. "दादूस, तुझ्या मिठाला काय सोनं लागलंय?" असं सुगंधा विचारी. तो डबी पुढे करी, आणि दोन दाण्यांवर तिसरा घेतला की झाकण बोटावर आपटी.

तिने डबी कानाशी हलवली. आत दाणे होते. झाकणाला हात लावून तिने काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, तिने डबी उघडली, चिमूटभर मीठ काळ्या नळीत घेतलं आणि झाकण लावलं. हे नियमाविरुद्ध होतं. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस सगळा नमुना कधीच देऊन टाकत नाही, एवढंच. मग तिने जिल्ह्याला अर्ज केला. उत्तर आलं की मयत जिथे राहत होता तिथेच नमुना ठेवावा, सप्टेंबरात पंच येतील.

*

डबी परत द्यायला ती गेली तेव्हा आई ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. काशिनाथ नुकताच पाळीवरून आला होता, डोक्याला टोपी.

"यात मीठ आहे," सुगंधाने काळ्या कागदातली डबी फळीवर ठेवली. "दादूस आत असताना कांड्या वर होत्या का, ते हे सांगेल. उघडायची नाही. उजेड लागला की विसरतं. दिवा, बॅटरी, काहीच नको. ऊन तर नकोच, उन्हात मिनिटात सगळं पुसलं जाईल."

"मीठ इसरतंय?" आईने विचारलं.

"हो."

"आन् अंदारात याद रवतंय?"

"हो, आय."

आईने सूप बाजूला ठेवलं. "अगो बाय, पन ती डबी..."

"आय, चा ठेव," काशिनाथ म्हणाला. "कवाशी आलीय ती, चा तरी दे."

आई उठली. सुगंधाने भावाकडे पाहिलं. तो पायाने दारातली वाळू सारखी करत होता.

"तुला काही सांगायचं असेल तर आत्ता सांग, काश्या. पंच आल्यावर मला मध्ये पडता येणार नाही."

"मीठ सांगेल ना. तूच बोललीस."

"तू कळफलकावर होतास."

"व्हतो."

"मग?"

"मग काय मग? मास्तरीण झालीस काय माजी?" तो हसला आणि चहा न घेताच विहिरीकडे गेला.

परत येताना एस.टी.त तिला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. मिठात काही निघालं नाही, तर दादूस कशाने गेला हे कधीच कळणार नाही. काही निघालं, तर कांड्या वर करणारा हात कुणाचा हे सगळ्या तालुक्याला आधीच ठाऊक होतं.

*

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पंच आले. तलाठी, शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी, आणि जिल्हा प्रयोगशाळेच्या राजवाडेबाई, हातात काळी पेटी. घट बसण्याआधीची झाडलोट चालू होती. अंगणात घरतांचा सगळा संसार उन्हात काढलेला : गोधड्या, पाटे, लोणच्याच्या बरण्या, देवाची पितळी भांडी. त्यांच्या मधोमध एक सूप, सुपात फडकं, फडक्यावर पसरलेलं चमचाभर मीठ. शेजारी डबी, उघडी. तिच्या आरशाचा कवडसा भिंतीवर हलत होता.

"आजी, हे काय केलंत?" राजवाडेबाईंनी पेटी खालीच ठेवली.

"मीठ वालवला."

"अहो, तो नमुना होता!"

"मीठ होता. पानी सुटला होता त्याला. पानी सुटलेला मीठ उनात टाकतान."

"पण तुमच्या मुलीने सांगितलं नव्हतं का?"

"पन्नास वर्सं मिठागरात गेली माजी. ती मना मीठ शिकवते, तू पन शिकव."

गुरुजींना हसू आलं. तलाठ्याने पंचनाम्यात लिहिलं : 'नमुना घरगुती कारणाने उन्हात वाळविण्यात आल्याचे आढळले.' मग 'घरगुती' खोडून 'पारंपरिक' केलं, मग पुन्हा 'घरगुती'.

सुगंधा सुपापाशी बसली. मीठ खडखडीत कोरडं होतं. पाणी सुटलेलं मीठ वाळलं की त्याच्या गाठी राहतात, कडेला पापुद्रा धरतो. इथे ना गाठ, ना पापुद्रा. डबीत मीठ कोरडंच होतं, हे तिने लाल दिव्याखाली स्वतः पाहिलं होतं.

"आय."

"काय गो."

"पाणी नव्हतं सुटलं."

आईने सूप उचललं, पाखडल्यासारखं एकदा झेललं, आणि मीठ बरणीत ओतलं. "एक गेला," ती म्हणाली. "दोन जायाला पायजेत काय तुला?"

*

प्रश्न २. योग्य पर्याय निवडा.
काळ्या नळीत चिमूटभर मीठ आहे. सील नाही, पंच नाहीत, त्यामुळे न्यायालयात त्याची किंमत शून्य. ते न वाचता ठेवलं तर
(अ) त्याला सगळं आठवत राहील.
(आ) कुणालाच काही कळणार नाही.
(इ) भाऊबीज होईल.
(ई) वरीलपैकी सर्व.

सुगंधाने अकरा दिवस नळी कपाटात ठेवली. बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत अंधाऱ्या खोलीचं दार लावलं. आधी दुकानातलं मीठ वाचलं, तुलनेसाठी : ०.००१. मग नळीतलं मीठ बशीत ओतलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर रेष सरळ चढली, काठावर पोचली, आणि मग उतरू लागली. आधी झपकन, मग हळू, मग जमिनीलगत. रिकाम्या खुर्च्यांची शेपटी. चाळीस सेकंद.

२.४ ग्रे.

तिने सवयीने बटण पुन्हा दाबलं. शून्य.

बाहेर मुलं डबे खात होती. कुणाच्या तरी डब्यात कैरीचं लोणचं होतं. वास दाराच्या फटीतून आत येत होता.

*

त्या रविवारी ती बांधावर गेली. मिठागर बंद होऊन पंधरा वर्षं झालेली, कप्प्यांत खाजण माजलेलं. काशिनाथ एकटाच गळ टाकून बसला होता.

"दोन पूर्णांक चार," ती म्हणाली.

"काय?"

"चिमूटभर माझ्याकडे होतं. कांड्या वर होत्या आणि डबी आत होती."

त्याने गळ गुंडाळायला घेतला. दोरा सावकाश काडीवर चढत होता.

"व्हती," तो म्हणाला.

"तू वर केल्यास."

"मी केल्या. मना वाटला दादूस भायेर आला. पेटी अडकलेली, ती सोडवाला परत गेलता, मना दिसला नाय."

"दाराला कुलूप असतं. आत माणूस असला तर कांड्या वर येतच नाहीत, असं लिहिलंय अहवालात."

"कुलपाला तार बांदलेली, दार उगडं असला तरी कांड्या वर येतान. सायेब बोलला, दर टायमाला कुलूप लावत बसलास तर दिसाला सा गाड्या जातील कशा? तार मीच बांदली."

"किती वेळ?"

"दीड मिनिट. मंग त्याची हाक आली. खाली सोडल्या मी. खाली जायाला पन्नास सेकंद लागतान." त्याने टोपी काढली आणि लगेच परत घातली. "मंग आनला... आला. भायेर आला."

सुगंधा मनात आकडे मांडत होती. दीड मिनिट, पन्नास सेकंद, डॉक्टरांचे पाच-सहा, मिठाचे दोन पूर्णांक चार. मीठ निम्म्याहून कमी सांगत होतं. दादूसच्या खिशात होती डबी. मधे शरीर आलं असेल, पेटी आली असेल. घरी गेल्यावर तिने वहीत लिहिलं : 'शरीराचा आडोसा.' आणि खाली रेघ मारली.

"तू हे सांगणार आहेस कुणाला?" तिने विचारलं.

"तू सांग. तुजं मीठ हाय."

"माझं मीठ संपलं. आता तू सांगितलंस तरच."

तो गळ उचलून उठला. खाडीवर भरतीचं पाणी चढत होतं. तीही उठली.

*

त्या वर्षी भाऊबीजेला काशिनाथ नारळ घेऊन पेणला आला. सुगंधाने चहा केला. तो उंबऱ्याच्या आत येऊन उभा राहिला.

"पाट नाय टाकलास, बाय?"

"घरात पाट एकच आहे. तो दादूसचा."

"बराय." तो जमिनीवरच बसला, चहा बशीत ओतून प्यायला. टोपी काढून घाम पुसला तेव्हा डोक्यावर मागे केस नव्हते.

"केस गेले तुझे," तिच्या तोंडून निघून गेलं.

"टाकीचं पानी. सगल्यांचंच जातान." तो हसला. "आय बोलते, बरा दिसतंय, साबन वाचतंय."

ती हसली नाही. त्याने नारळ दाराशी ठेवला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला; पुन्हा चहा, पुन्हा नारळ, जिन्यावर मध्येच दोनदा थांबून तो खाली उतरला. तिसऱ्या वर्षी आला नाही. आईचा फोन आला.

"काश्याला मुंबईला नेलाय. रगत धरत नाय अंगात. तुजी याद काढतंय."

"काय म्हणतो?"

"काय नाय. डबी हाय काय बायकडं, इचारत व्हता."

"डबी तुझ्याकडेच आहे, आय."

"व्हय की," आई म्हणाली. "मजकडंच हाय." मग म्हणाली, "येशील?"

"येते," सुगंधा म्हणाली. सोमवारी नववीची सहामाही होती. तिने पेपरांचे गठ्ठे बांधले, कपाटातली काळी नळी धुतली, वाळवली आणि इतर नळ्यांच्या रांगेत लावून ठेवली.

*

बारा फेब्रुवारीच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी रक्तदाबासाठी हिराजीचं मीठ बंद केलं होतं. तेव्हापासून पाळी संपेपर्यंत डबी काशिनाथच्या खिशात असे.